मासा ओढ्यात, कारण डोंगरावर : विस्कॉन्सिनच्या कून क्रीकचं प्रकरण

जानेवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. शेतं, कुंपणं, गोठ्यांची छपरं सगळं बर्फाखाली असतं. कून क्रीक या ओढ्याच्या टिंबर कूली नावाच्या फाट्यावर मात्र सकाळी वाफ तरंगत असते, आणि झऱ्याच्या तोंडाशी वॉटरक्रेस ही पाण्यातली भाजी भर हिवाळ्यात हिरवीगार उभी असते. खडकातून बाहेर येणारं पाणी बारा महिने साधारण ९ अंश सेल्सियस असतं. हिवाळ्यात ते हवेपेक्षा ऊबदार, उन्हाळ्यात हवेपेक्षा कितीतरी गार. ट्राउट नावाच्या थंड पाण्यातल्या माशाचा सगळा संसार या आकड्यावर चालतो.

ट्राउट आपल्याकडे काश्मीर-हिमाचलात गेलेल्यांनी पाहिला किंवा खाल्ला असेल. महाराष्ट्रातल्या पाण्यात तो टिकायचा नाही. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याचं खाणं मंदावतं, २५ च्या आसपास जिवावर बेततं. मादी शरद ऋतूत शेपटीने खडी उकरते, तिथे अंडी घालते आणि ती पुन्हा खडीनेच झाकते. अंडी हिवाळाभर त्या खडीत असतात आणि दगडांच्या फटींतून वाहणाऱ्या पाण्यातला प्राणवायू घेतात. फटींत गाळ बसला की अंडी गुदमरतात. म्हणजे या माशाला तीन गोष्टी हव्यात : गार पाणी, स्वच्छ खडी आणि लपायला जागा. कून क्रीकच्या खोऱ्यात या तिन्ही गोष्टी एकेकाळी होत्या, मग गेल्या, आणि पुढे साठेक वर्षांत बऱ्याच अंशी परत आल्या.

या प्रकरणाची गोष्ट बहुतेक वेळा शेवटून सांगितली जाते. काठाला लाकडी आडोसे ठोकणारे स्वयंसेवक, हातात मासा धरलेला फोटो, आणि ओढा वाचला. मला ती मांडणी अर्धवट वाटते. हा ओढा आधी डोंगरावर दुरुस्त झाला, आणि तो करणाऱ्यांच्या मनात मासा जवळजवळ नव्हताच. त्यांना शेत वाचवायचं होतं.

खोरं

हिमयुगात उत्तर अमेरिकेचा मोठा भाग हिमनद्यांनी किसून सपाट केला. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा आणि इलिनॉय यांच्या सीमा जुळतात तिथला एक तुकडा त्यातून सुटला. त्याला ड्रिफ्टलेस म्हणतात : ‘ड्रिफ्ट’ म्हणजे हिमनदीने मागे टाकलेला दगडमातीचा थर, तो इथे नाही. त्यामुळे इथे डोंगरधारा आहेत, खोल अरुंद दऱ्या आहेत. या दऱ्यांना स्थानिक लोक कूली म्हणतात. शब्द फ्रेंचांचा, ‘वाहणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला.

डोंगरमाथ्यावर डोलोमाइट आहे. डोलोमाइट हा चुनखडकाचा सख्खा भाऊ, कॅल्शियमसोबत मॅग्नेशियम असलेला. त्याच्या खाली वालुकाश्माचे थर. पावसाचं पाणी वरच्या भेगांतून उतरतं, खडकात मुरतं, आणि उताराच्या पोटात कुठेतरी झरा होऊन बाहेर पडतं. येताना ते चुना विरघळवून आणतं. अशा कठीण पाण्यात गोगलगायी, झिंग्यासारखे बारीक कवचधारी जीव आणि पाणकिडे भरपूर वाढतात. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधले झरे उन्हाळ्यात आटताना पाहिलेल्या माणसाला या खडकाचा हेवा वाटेल.

कून क्रीकचं पाणलोट क्षेत्र साधारण ३६० चौरस किलोमीटर, व्हर्नन, ला क्रॉस आणि मन्रो या तीन काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, पसरलेलं. टिंबर कूली, स्प्रिंग कूली, बोहेमियन व्हॅली हे त्याचे झऱ्यांवर जगणारे वरचे फाटे. खाली कून व्हॅली आणि चेसबर्ग ही दोन गावं, आणि पुढे मिसिसिपी.

बिघाड कसा झाला

१८५० च्या दशकापासून इथे युरोपातून आलेली कुटुंबं स्थिरावली. कून व्हॅलीत नॉर्वेजियन लोकांचा भरणा होता. त्यांनी आधी गहू पिकवला, मग मका, तंबाखू आणि दुधाची गुरं. सरकारी मोजणीने जमिनीचे चौकोन पाडले होते, त्यामुळे शेतंही चौकोनी झाली. चौकोनी शेतात नांगर सरळ चालतो, आणि डोंगराळ भागात सरळ म्हणजे बहुधा उताराच्या दिशेने वर-खाली. प्रत्येक सरी पाण्यासाठी पन्हाळ झाली. नांगर न चालणाऱ्या उभ्या उतारांवर जंगल होतं, तिथे गुरं सोडली. खुरांनी माती घट्ट झाली, झाडांखालचं गवत आणि पालापाचोळा गेला, पाणी मुरायचं थांबलं.

माथ्यावर वाऱ्याने आणून टाकलेली लोएस नावाची बारीक, पिठूळ माती होती. पेरणीला उत्तम आणि वाहून जायला त्याहून उत्तम. १९२० च्या दशकापर्यंत शेतांत घरं मावतील एवढ्या घळी पडल्या. वरून सुटलेली माती खाली दरीत बसत गेली. स्टॅन्ली ट्रिंबल या भूगोलाच्या अभ्यासकाने पुढे या खोऱ्यात अनेक दशकं मोजणी केली. त्याच्या हिशेबानुसार खालच्या दरीत सर्वात वाईट काळात वर्षाला १५ सेंटीमीटरपर्यंत गाळ चढत होता. वर्षाला वीतभर! दहा वर्षांत माणसाच्या छातीपेक्षा उंच. पुलांखालची मोकळी जागा भरत गेली, जुनी काळी गवताळ जमीन पिवळट गाळाखाली गाडली गेली.

ओढ्याचं काय झालं हे ओघाने आलंच. पाऊस मुरत नव्हता, म्हणून पूर आला की भयंकर यायचा आणि पूर ओसरला की झरे क्षीण असायचे. पाणी कमी, पात्र रुंद आणि उथळ, त्यामुळे ते उन्हात तापायचं. खडी गाळाखाली गेली. मूळचा ब्रूक ट्राउट खालच्या ओढ्यांतून दिसेनासा झाला. युरोपातून आणलेला ब्राउन ट्राउट थोडी जास्त ऊब सोसतो, तोही मत्स्यबीज केंद्रातून दरवर्षी सोडला तरच दिसायचा. दुखणं मातीचं होतं आणि औषध माशांच्या टाकीतून चाललं होतं.

१९३३ : माथा ते पायथा

१९३३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने मृदा धूप रोखण्यासाठी नवीन खातं काढलं. त्याचे प्रमुख ह्यू हॅमंड बेनेट. संपूर्ण पाणलोट एकत्र धरून काम करायचं असं त्यांनी ठरवलं, आणि देशातला असा पहिला प्रकल्प म्हणून कून क्रीकची निवड झाली. पाणलोटाच्या कामाला आपल्याकडे ‘माथा ते पायथा’ म्हणतात. कून क्रीकमध्ये नेमकं तेच झालं, हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीच्या कितीतरी आधी. चराईबंदीसुद्धा होती.

शेतकऱ्याशी पाच वर्षांचा करार व्हायचा. सरकार बियाणं, खत, चुना, कुंपणाचं साहित्य आणि मजूर देणार. मजूर म्हणजे मंदीत बेकार झालेली, सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेच्या छावणीत राहणारी तरुण पोरं. शेतकऱ्याने बदल्यात सर्वात उभ्या उतारावरचं जंगल गुरांना बंद करायचं, मधल्या उतारावर कायम गवत ठेवायचं, आणि नांगरट समपातळीत, डोंगराला वळसा घालत, पट्ट्यापट्ट्याने करायची. एक पट्टा मक्याचा, पुढचा ओटचा, त्यापुढचा लसूणघासाचा. मक्याच्या पट्ट्यातून सुटलेलं पाणी खालच्या गवताच्या पट्ट्यात अडकतं, गाळ तिथेच बसतो, पाणी मुरतं. दरवर्षी पट्ट्यांची अदलाबदल.

यात चुन्याचं काम गमतीचं आहे. लसूणघास आम्लधर्मी मातीत नीट धरत नाही, आणि लोएसमधला चुना हजारो वर्षांच्या पावसाने धुऊन गेला होता. म्हणून चुनखडकाच्या डोंगरावर बसून शेतात चुना घालावा लागला. तेव्हा कुठे गवत धरलं, गवताने पाणी मुरवलं, आणि ते पाणी पुन्हा त्याच खडकातून चुना घेऊन ओढ्याला गेलं.

शेतकरी सुरुवातीला बिचकले. गोल-गोल नांगरणारा माणूस प्यायलेला दिसतो, सरळ सरी हीच चांगल्या शेतकऱ्याची खूण, ही समजूत तिथेही होती. पण दोन वर्षांत चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी सह्या केल्या. विस्कॉन्सिन विद्यापीठात नुकतेच प्राध्यापक झालेले आल्डो लिओपोल्ड या प्रकल्पाला वन्यजीवांबाबत सल्ला देत होते, त्यांची दोन मुलंही तिथे काम करत होती. शेती, चराई, जंगल आणि शिकारीचे पक्षी या सगळ्यांचा एका शेतावर एकत्र विचार व्हावा, हा लिओपोल्ड यांचा आग्रह होता. मासा त्यात होता, पण यादीच्या तळाशी.

माझ्या मते करार टिकला तो कागदामुळे नव्हे, दुधामुळे. गाईला वर्षभर वैरण लागते. लसूणघासाचा पट्टा गाईच्या पोटात जात होता, म्हणून पाच वर्षं संपल्यावरही बहुतेकांनी तो मोडला नाही. वैरणीला गिऱ्हाईक नसतं तर १९३९ सालीच सगळीकडे मका दिसला असता.

मोजमाप

ट्रिंबलचं काम शक्य झालं ते १९३० च्या दशकाच्या अखेरीस मृद्संधारण खात्याच्या भूवैज्ञानिकांनी दरीत आडव्या मोजणीरेषा आखून ठेवल्या म्हणून. त्याच रेषांवर १९७० च्या आणि पुन्हा १९९० च्या दशकात मोजणी झाली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : १९७५ ते १९९३ या काळात दरीत गाळ साठण्याचा वेग १९३० च्या दशकातल्या वेगाच्या सुमारे ६ टक्क्यांवर आला होता. गावं तीच होती आणि त्या उतारांवर शेतीही चालूच होती.

दुसरं एक निरीक्षण गळ टाकणाऱ्यांना जास्त जवळचं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागातल्या ओढ्यांचे पूर लहान होत गेले आणि पाऊस नसतानाचा प्रवाह वाढत गेला. आधी धो-धो निघून जाणारं पाणी आता डोंगरात मुरून झऱ्यातून येऊ लागलं. झऱ्याचं पाणी जास्त म्हणजे ओढा गार. १९७० च्या दशकापासून टिंबर कूलीसारख्या फाट्यांत ब्राउन ट्राउट स्वतःहून वीण घालू लागला आणि हळूहळू तिथे मासे सोडायचं कारण उरलं नाही. करारांवर सह्या होऊन तोवर चाळीस वर्षं झाली होती. आज कुठल्या निधीदात्याला चाळीस वर्षांचं वेळापत्रक दाखवलं तर तो चहा न पिताच उठेल.

काठाची दुरुस्ती

डोंगरावरून येणारा गाळ थांबला, पण दरीत आधी बसलेला गाळ तिथेच होता. ओढा त्यातून खोल कापत गेला आणि दोन्ही बाजूंना दोन-तीन मीटर उंच, उभे, मातीचे काठ राहिले. प्रत्येक पुरात वळणावरचा काठ ढासळायचा. पात्र रुंद, डोह भरलेले, मासे उघड्यावर. पाणी सुधारलं, पण घर मोडकंच राहिलं.

इथे माशांसाठी झटणाऱ्यांचं खरं काम सुरू झालं. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्यात ला क्रॉसला काम करणारे मत्स्यजीवशास्त्रज्ञ डेव्ह व्हेट्रानो यांनी १९८० च्या दशकात टिंबर कूलीवर ‘लंकर’ नावाची रचना विकसित केली. लंकर म्हणजे ओकच्या जाड फळ्यांचं, सुमारे आठ फूट लांबीचं, बाजूने उघडं खोकं. खाली फळ्या, वर फळ्या, मध्ये फूटभर उंचीचे ठोकळे. ओढ्याच्या बाहेरच्या वळणावर, काठाच्या पायथ्याशी, पाण्याच्या पातळीखाली चर काढतात. त्यात ही खोकी एकापुढे एक मांडतात आणि फळ्यांच्या भोकांतून लोखंडी सळया तळात ठोकतात. वर दगड रचतात, दगडांवर माती, मातीवर गवताचं बी. उभा काठ आधीच यंत्राने तासून तिरका केलेला असतो. पुढच्या उन्हाळ्यात तिथे फक्त गवताळ काठ दिसतो आणि त्याखाली कपारीत, अंधारात, प्रवाहाकडे तोंड करून मासे उभे असतात. ओक सदैव पाण्याखाली राहतं, हवा लागत नाही, म्हणून ते सहजी कुजत नाही. फळी पाण्याच्या वर आली की मात्र तिचे दिवस भरले.

पैसा बऱ्याच अंशी गळवाल्यांच्याच खिशातून आला. ट्राउट पकडायचा तर परवान्यावर वेगळा स्टॅम्प घ्यावा लागतो आणि त्याची रक्कम ओढ्यांच्या कामाला जाते. ट्राउट अनलिमिटेड या गळवाल्यांच्या संस्थेच्या शाखांनी पैसे आणि शनिवार-रविवारचे हात दिले. ओढा शेतकऱ्याच्या जमिनीतून वाहतो, म्हणून सरकार काठालगतच्या ६६ फुटांच्या पट्ट्याचा वापरहक्क विकत घेतं. जमीन शेतकऱ्याची, चालण्याचा आणि मासे धरण्याचा हक्क लोकांचा. कुंपण ओलांडायला लाकडी शिड्या उभारलेल्या असतात, म्हणजे तार वाकत नाही आणि फाटक उघडं राहून गाय रस्त्यावर जात नाही. आपल्याकडे पाणंद रस्त्यांवरून होणाऱ्या भांडणांची सवय असलेल्याला ही शिडी फार शहाणी वाटते.

व्हेट्रानोंनी आणखी एक गोष्ट केली. टिंबर कूलीतल्या ओढ्यातच जन्मलेल्या ट्राउटची अंडी घेऊन त्यांची पिल्लं सुधारलेल्या पण माशांवाचून रिकाम्या ओढ्यांत सोडायला सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेला मासा माणसाची सावली पडली की खाणं येईल म्हणून पुढे येतो. ओढ्यातल्या आईबापांचं पिल्लू सावली पडली की कपारीत जातं. बगळ्यासमोर हा फरक निर्णायक ठरतो.

झाडं की गवत

या प्रकरणातला सर्वात चिवट वाद काठावरच्या झाडांचा आहे. ओढ्याकाठी झाडं लावा, सावली पडेल, पाणी गार राहील, हे कुणालाही पटेल. मलाही पटलं होतं. ट्रिंबलने कून क्रीकवरच मोजलं तेव्हा उलटं निघालं : गवताळ काठांमधला ओढा अरुंद होता, झाडीतला रुंद. बॉक्स एल्डरसारख्या झाडाची मुळं उथळ, त्याच्या सावलीत गवत मरतं, माती उघडी पडते. झाड कलंडलं की मुळांसकट काठाचा लचका घेऊन पाण्यात पडतं. गवताच्या मुळ्या काठ विणून धरतात, पुरात येणारा गाळ गाळून ठेवतात, पात्र अरुंद आणि खोल होतं. खोल पाणी तापतही कमी. म्हणून इथे ओढा सुधारायचा म्हणजे आधी काठावरची झाडं तोडायची. शहरातून आलेल्या पाहुण्याला हे पाहून धक्का बसतो.

पण याचा अर्थ झाड वाईट असा नव्हे. तीन मीटर गाळाच्या उभ्या काठावर उथळ मुळांचं झाड चुकीच्या जागी आहे, एवढंच. ठेवलेल्या गवतालाही राखण लागते. कापलं नाही, चरलं नाही, तर पंधरा वर्षांत बॉक्स एल्डर परत हजर. म्हणून काही ठिकाणी थोड्या दिवसांपुरती, मोजून गुरं सोडतात. बंदी घातलेलं जनावरच पुढे राखणदार म्हणून परत आलं.

पहिल्या काळातल्या कामांवर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. सगळा काठ दगडाने बांधला तर तिथे कासव अंडी कुठे घालणार, बेडूक कुठे राहणार? नंतरच्या कामांत काठ आणखी तिरके झाले, पुराच्या पाण्याला पसरायला जागा ठेवली, सापांना हिवाळ्यात शिरायला दगडांचे ढीग आणि बेडकांना डबकी ठेवली गेली. परदेशी ब्राउन ट्राउटला आलिशान घर देताना मूळचा, लहान चणीचा ब्रूक ट्राउट वरच्या टोकाच्या झऱ्यांत ढकलला गेला, ही खंत मात्र लंकरने मिटणारी नाही.

२०१८ ची रात्र

२७ ऑगस्ट २०१८ च्या रात्री या टापूत काही ठिकाणी २५ सेंटीमीटरहून जास्त पाऊस पडला. खोऱ्यात पूर अडवण्यासाठी १९५४ च्या केंद्रीय कायद्याखाली बांधलेली मातीची चौदा धरणं होती. त्यातली तीन त्या रात्री फुटली, शेजारच्या वेस्ट फोर्क किकापू खोऱ्यातली आणखी दोन. पाणी भिंतीवरून किंवा भिंतीतून कमी आणि भिंत जिथे डोंगराला टेकते तिथल्या भेगाळ वालुकाश्मातून जास्त घुसलं. ज्या भेगांतून झरे येतात, त्याच जातीच्या भेगांनी धरणांना दगा दिला. कून व्हॅली गावात पाणी शिरलं. पुढच्या तपासणीनंतर केंद्रीय खात्याने दुरुस्तीऐवजी या खोऱ्यातली धरणं कापून निकामी करण्याची शिफारस केली. साठ वर्षं ज्या भिंतींच्या भरवशावर खाली घरं होती, त्यांच्याबद्दल असं ऐकणं गावाला सोपं गेलं नाही.

धरणं जाणार म्हटल्यावर नजर पुन्हा डोंगरावर जाते, आणि तिथलं चित्र १९५० सारखं राहिलेलं नाही. २००४ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये पंधरा हजारांवर दुग्धशाळा होत्या, २०२४ मध्ये सहा हजारांहून कमी. गोठा बंद झाला की वैरण कुणाला घालायची? लसूणघासाचा पट्टा मोडतो, तिथे मका किंवा सोयाबीन येतं, मोठ्या यंत्रांना अडचण नको म्हणून पट्टे जोडले जातात. १९३३ च्या कराराला ज्या गाईने बांधून ठेवलं होतं, ती गाय लिलावात जाते आहे. व्हर्नन काउंटीतच १९८८ मध्ये सुरू झालेल्या ऑर्गॅनिक व्हॅली या सहकारी संस्थेसारखे काही आधार आहेत. सेंद्रिय दुधाला गाय कुरणात चरलेली लागते, म्हणून तिथे गवताला अजून भाव आहे. पण सगळ्या डोंगराला पुरेल एवढा नाही.

पुरानंतर खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून पाणलोट परिषद स्थापन केली. बैठकांतला विषय बहुधा मासा नसतो. कुणाच्या माथ्यावरून किती पाणी सुटतं, हिवाळ्यात शेत झाकायला कुठलं पीक पेरायचं, बांधावरचा पट्टा मोडला तर खालच्याच्या शेतात काय येतं, हे प्रश्न असतात. टिंबर कूलीत गळ टाकणाऱ्यांपैकी काही आता त्या बैठकांना जाऊन बसतात. पाण्यात उभं राहायचे बूट गाडीतच ठेवून.